सीमेवर नोंदलेले लाकूड
प्रस्तावना

बेल्जियमची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आतली. तरीही उष्ण कटिबंधातून युरोपीय संघात येणाऱ्या कापीव लाकडाचा हिशेब मांडला, की गेली काही वर्षे या छोट्या देशाचे नाव पहिल्या एक-दोन क्रमांकांत दिसते. कॅमेरून, गॅबॉन, काँगो आणि ब्राझीलमधून निघालेले सापेली, अझोबे, इपे अँटवर्पच्या धक्क्यावर उतरते, वखारींत थप्प्या लावून ठेवले जाते आणि मागणी येईल तसे फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनीकडे रवाना होते. त्या लाकडाची खिडकी बसते लीलमधल्या किंवा कोलोनमधल्या घराला. आयातीचे मूल्य मात्र बेल्जियमच्या नावावर जमा होते.

युरोपातील कोणत्या देशाने कठीण लाकडाच्या आयातीवर किती पैसे मोजले, याचे तक्ते आज कुणालाही घरबसल्या मिळतात. युरोस्टॅटच्या कॉमेक्स्ट या विदागारात देशवार, महिनावार आणि मालाच्या आठ आकडी क्रमांकापर्यंतचा तपशील आहे. योकोहामात मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटना दर पंधरवड्याला बाजाराचा अहवाल काढते. इतकी माहिती हाताशी असताना दोन देशांची तुलना सोपी असायला हवी होती. ती तशी का नाही, हे सांगण्यासाठीच हे पुस्तक लिहिले. माझे म्हणणे थोडक्यात असे : आयातमूल्य ही एका सीमेवर, एका दिवशी, एका चलनात झालेली नोंद असते. तिच्यामागे कोणते जंगल आहे आणि पुढे कोणाचे घर आहे, हे शोधल्याशिवाय केलेली तुलना अपुरी तर राहतेच, शिवाय ती अन्यायही करते. कारण जंगलतोडीचा दोष कोणत्या देशाच्या पदरात किती घालायचा, हेही याच आकड्यांवरून बोलले जाते.

सुरुवात वर्गवारीपासून करावी लागते. व्यापारात रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते कठीण आणि सूचिपर्णी झाडांचे ते मऊ, अशी विभागणी चालते. हाताला लागणाऱ्या कठीणपणाशी तिचा संबंध सैल आहे. पश्चिम आफ्रिकेतील अझोबे इतके जड, की ते पाण्यात बुडते. त्याचे वजन घनमीटरला हजार किलोच्या वर जाते. गॅबॉनचे ओकुमे त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचे. आणि इक्वेडोरहून येणारे बाल्सा दीडशे किलोच्या आसपास, तरी तेही कठीण लाकडाच्याच रकान्यात. बाल्साची पाती पवनचक्क्यांच्या पंखांच्या गाभ्यात बसवतात. त्यामुळे एखाद्या देशाची उष्णकटिबंधीय लाकडाची आयात एखाद्या वर्षी उसळली, तर ती फर्निचरच्या मागणीमुळे असेल किंवा समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांमुळेही असेल. एकूण बेरजेला यातले काहीच ठाऊक नसते.

जगभरच्या सीमाशुल्क खात्यांनी लाकडासाठी ४४ हे प्रकरण ठरवले आहे. त्यात ४४०३ म्हणजे ओंडके, ४४०७ म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जाड कापीव लाकूड, ४४०८ म्हणजे व्हिनियरचे पातळ पापुद्रे, ४४०९ मध्ये खाचा पाडलेल्या पट्ट्या आणि डेकिंग, तर ४४१२ मध्ये प्लायवूड. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखेच, त्यामुळे न्हावा शेवा बंदरात काम करणाऱ्या आपल्याकडच्या कस्टम्स दलालालाही रॉटरडॅमचे कागद वाचता येतात. ओकला, बीचला, मॅपलला, चेरीला, अ‍ॅशला या सहा आकड्यांत स्वतंत्र जागा आहे. सागाला मात्र अशी जागा २०२२ च्या सुधारणेनंतरच मिळाली. त्याआधीच्या वर्षांत सागाची आयात इतर अनेक जातींच्या गर्दीत मिसळलेली आहे, आणि ज्याला वीस वर्षांची रेघ ओढायची आहे त्याला तिथे थांबून विचार करावाच लागतो.

फिनलंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०२२ पर्यंत रशियातून बर्चचे ओंडके फार मोठ्या प्रमाणात फिनलंडमध्ये जात, आणि त्यांतले पुष्कळसे कागदाच्या लगद्यासाठी. पोर्तुगाल आणि स्पेन असेच निलगिरीचे ओंडके आणतात. हे सारे कठीण लाकूडच. घनमीटरांत मोजले तर फिनलंड पुढे, युरोंत मोजले तर इटली पुढे, आणि दोन्ही विधाने खरी. एका बाजूला लगद्याच्या हौदात जाणारे बारीक ओंडके, दुसऱ्या बाजूला नौकेच्या डेकसाठी निवडून काढलेला, गाठ नसलेला साग. घनमीटरमागे किती युरो पडले हा भागाकार प्रत्येक तक्त्याशेजारी असलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. तोही करताना सावध राहावे लागते. अनेक नोंदी मुळात किलोत होतात आणि नंतर घनमीटरांत बदलल्या जातात. ओल्या ओंडक्याचे वजन आणि भट्टीत वाळवलेल्या फळीचे वजन यांत इतका फरक असतो, की चुकीच्या गुणकाने एखादे वर्ष उगाच फुगते.

आता खुद्द मूल्याकडे. युरोपीय देश आयात नोंदवतात तेव्हा मालाची किंमत, त्यांच्या सीमेपर्यंतचे भाडे आणि विमा एकत्र धरतात. निर्यात नोंदवताना माल आपल्या सीमेवरून निघेपर्यंतचाच खर्च धरतात. म्हणून बेल्जियमने फ्रान्सला विकलेले लाकूड आणि फ्रान्सने बेल्जियमकडून घेतलेले लाकूड, हे दोन आकडे प्रामाणिकपणे लिहूनही जुळत नाहीत. २०२१ मध्ये कंटेनरचे भाडे कितीतरी पटींनी चढले, तेव्हा मलेशिया, इंडोनेशिया आणि चीनहून येणाऱ्या मालाचे आयातमूल्य लाकूड न वाढताही वाढले. त्या वर्षीच्या तक्त्यावरून युरोपात लाकडाची भूक वाढली असा निष्कर्ष काढणारा माणूस खरे तर जहाज कंपन्यांची कमाई मोजत असतो.

चलनाचा परिणाम याहून खोल आहे. अमेरिकेचा पांढरा ओक आणि आग्नेय आशियाचे मेरान्टी डॉलरमध्ये विकले जाते. मध्य आफ्रिकेचा व्यवहार बहुतांशी युरोत होतो, कारण कॅमेरून, गॅबॉन आणि काँगोचे सीएफए फ्रँक हे चलन युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेले आहे. जुलै २०२२ मध्ये युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला आला, तेव्हा ओक महागला, सापेलीवर त्या घसरणीचा थेट परिणाम झाला नाही. ज्या देशाची आयात आफ्रिकेकडे झुकलेली आहे आणि ज्याची अमेरिका-आशियाकडे, त्या दोघांची मूल्ये शेजारी ठेवताना हा झुकाव आधी वजा करावा लागतो. या स्थिर दरालाही इतिहास आहे. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य एका रात्रीत निम्मे करण्यात आले. आफ्रिकेचे लाकूड युरोपीय ग्राहकाला अचानक स्वस्त पडू लागले आणि जंगलात करवती जोरात फिरू लागल्या. एका चलनविषयक निर्णयाने कॅमेरूनच्या जंगलाचे भवितव्य हलवले, ही गोष्ट लाकडाच्या अर्थशास्त्रात अजून पुरेशी शिकवली जात नाही.

संघातल्या देशांचा आपसातला व्यापार मोजण्याची पद्धत तर निराळीच. १ जानेवारी १९९३ ला एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि अंतर्गत सीमांवरची जकात नाकी उठली. नाकी गेली तशी तिथे भरले जाणारे कागदही गेले. त्यांच्या जागी इंट्रास्टॅट ही पद्धत आली, जिच्यात कंपन्या स्वतःच आपल्या व्यवहाराचे विवरण देतात. ठरावीक उलाढालीच्या खालच्या छोट्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट असते आणि त्यांचा वाटा अंदाजाने भरला जातो. लाकडाच्या धंद्यात छोटे व्यापारी पुष्कळ, तेव्हा हा अंदाज इथे जास्त जाणवतो. शिवाय जर्मन कारखानदाराने अँटवर्पहून कॅमेरूनचे लाकूड आणले, तर त्याच्या देशाच्या तक्त्यात भागीदार म्हणून बेल्जियमचे नाव लागते. कॅमेरून नजरेआड होते.

ब्रिटनने हेच उलट्या दिशेने अनुभवले. २०२० च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला आणि पूर्वी अंतर्गत व्यापार म्हणून नोंदले जाणारे लाकूड पुन्हा सीमाशुल्काच्या कागदांवर आले. अँटवर्पमधून टिल्बरीला जाणारी तीच फळी आता बेल्जियमची निर्यात आणि ब्रिटनची आयात ठरते, आणि ती कायदेशीर आहे का हे तपासण्याची जबाबदारी ब्रिटिश आयातदारावर नव्याने पडते. ब्रिटनच्या २०२० पूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांना जोडणारी सरळ रेघ म्हणूनच मी काढलेली नाही.

देशांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि मला वाटते खरी तुलना या स्वभावांचीच करायला हवी. नेदरलँड्सला समुद्र आणि नद्या अडवून जगावे लागते. कालव्यांचे दरवाजे, धक्क्यांचे खांब, किनाऱ्याच्या भिंती यांसाठी पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारे अझोबे तिथे लागते, आणि खिडक्यांच्या चौकटींसाठी मेरान्टी. त्यातले बरेचसे लाकूड सार्वजनिक कामांत जाते, म्हणून खरेदी करणाऱ्या सरकारी संस्थांनी प्रमाणपत्राची अट घातली की आयातीचे रूपच बदलते. नेदरलँड्सच्या तक्त्यातला चढउतार वाचताना लोकांची आवडनिवड कमी आणि जलव्यवस्थापनाचे अंदाजपत्रक जास्त वाचावे लागते.

फ्रान्सची गोष्ट गॅबॉनशिवाय सांगताच येत नाही. ओकुमेचे झाड जवळजवळ फक्त गॅबॉन आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशात वाढते. गॅबॉन फ्रान्सची वसाहत होती तेव्हापासून त्याचे ओंडके जहाजांतून फ्रान्सला जात आणि तिथल्या गिरण्यांत सोलून त्यांचे प्लायवूड होई. २०१० मध्ये गॅबॉनने ओंडक्यांची निर्यात बंद केली. सोलण्याचे काम आफ्रिकेतच व्हावे, रोजगार आणि नफा तिथे राहावा, हा त्यामागचा हेतू. लिब्रव्हिलजवळ न्कोक इथे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले आणि त्यात भारतीय उद्योजकांनीही लाकडाचे कारखाने टाकले. युरोपच्या तक्त्यात या निर्णयाचे काय झाले? ४४०३ चा रकाना ओस पडला, ४४०८ आणि ४४०७ चे रकाने भरू लागले. घनमीटर घटले, पण प्रत्येक घनमीटरमागचे मूल्य वाढले, कारण आता त्यात गॅबॉनी कामगाराची मजुरी, वीज आणि कारखान्याचा नफा होता. फ्रान्सने महाग लाकूड घ्यायला सुरुवात केली असे वरवर दिसते. प्रत्यक्षात फ्रान्समध्ये होणारे एक काम समुद्रापलीकडे गेले होते. जंगल तेच, झाड तेच. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण मी या एका बदलाला दिले आहे, कारण उत्पादक देशाने घेतलेला निर्णय ग्राहक देशाच्या आयातमूल्यात कसा शिरतो हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि इटली. तिच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउलीमध्ये मान्झानो आणि भोवतालची गावे आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या बनतात. बाल्कन प्रदेशातले बीच आणि ओक तिथे जाते आणि खुर्ची होऊन जगभर विकले जाते. म्हणजे इटलीने आयात केलेल्या लाकडाचा मोठा भाग इटलीत थांबतच नाही. तो ४४ क्रमांकाच्या प्रकरणातून आत येतो आणि फर्निचरच्या ९४ क्रमांकाच्या प्रकरणातून बाहेर जातो. केवळ लाकडाचे प्रकरण उघडून बसलेल्या अभ्यासकाला इटली मोठी खाऊ वाटते, तर दोन्ही प्रकरणे एकत्र वाचणाऱ्याला ती मोठी कारागीर दिसते.

इटलीच्याच रकान्यात साग येतो, आणि इथे महाराष्ट्राला जवळची असलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा तिथे कैदेत राहिला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याचे राज्य गेले त्याला साम्राज्याचे मोठे राजकारण कारण होते, पण निमित्त झाले ते सागाच्या हिशेबाचे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला राजाच्या जंगलांतून साग काढण्याचा ठेका होता. कंपनीने जितके ओंडके बाहेर नेले तितके नोंदवले नाहीत, राजाचे देणे बुडवले, असा मंडालेच्या दरबाराने ठपका ठेवला आणि १८८५ मध्ये जबर दंड ठोठावला. ब्रिटिशांनी याच वादाचे निमित्त करून त्या वर्षी युद्ध पुकारले, आणि १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला. ओंडके किती आणि त्यांची नोंद कोणी ठेवायची, या प्रश्नावर राज्य हातचे जाऊ शकते, हे रत्नागिरीला सव्वाशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे.

त्याच ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा साग युरोपात मुख्यतः आलिशान नौकांच्या डेकसाठी जातो, आणि अशा नौका बांधण्यात इटली अग्रेसर आहे. युरोपीय संघाचा लाकूडविषयक कायदा ३ मार्च २०१३ पासून लागू झाला. बेकायदा तोडलेले लाकूड बाजारात आणायचे नाही, आणि आणण्याआधी त्याचा उगम पारखायचा, ही त्याची मुख्य अट. २०१६ मध्ये एका स्वीडिश न्यायालयाने म्यानमारच्या सागाचे सरकारी कागद पुरेसे नाहीत असा निकाल दिला. साग थांबला नाही, त्याने वाट बदलली. लंडनच्या एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सीने २०२० मध्ये तो क्रोएशियामार्गे कसा येतो हे उघड केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि २१ जून २०२१ ला युरोपीय संघाने म्यानमा टिंबर एंटरप्राइज या सरकारी कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतरही सागाची आवक चालू राहिली, आणि तिच्यात इटलीचा वाटा सर्वांत मोठा होता. एकच कायदा सत्तावीस देशांत असूनही त्याची अंमलबजावणी प्रत्येक देशाच्या हातात आहे. दोन शेजारी देशांच्या सागाच्या आयातमूल्यात तफावत दिसली, तर ती आवडीची किंवा श्रीमंतीची असेलच असे नाही; तपासणी कुठे कडक आणि कुठे ढिली, याचाही तो नकाशा असतो.

बर्चच्या प्लायवूडने हाच धडा नव्याने दिला. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये संघाने आधी बेलारूसच्या आणि मग रशियाच्या लाकडावर बंदी घातली. रशियाचा रकाना रिकामा होताच कझाकस्तान आणि तुर्कस्तानचे रकाने भरू लागले. शेवटी २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने रशियन प्लायवूडवरचे डंपिंगविरोधी शुल्क या दोन देशांतून येणाऱ्या मालालाही लावले. या निर्णयामागचा पहिला संशय आयातीच्या आकड्यांतूनच उभा राहिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नीट वाचलेला तक्ता साक्षीदार होऊ शकतो.

२०१३ च्या कायद्याची एक बाजू मात्र मला सलते. उगम पारखण्याचे ओझे त्याने संघाच्या बाजारात लाकूड प्रथम आणणाऱ्यावर टाकले. पुढे ते विकत घेणाऱ्याने फक्त कोणाकडून घेतले आणि कोणाला विकले एवढे लिहून ठेवायचे. त्यामुळे अँटवर्पचा आयातदार पूर्ण युरोपसाठी जाब देतो, आणि त्याच्याकडून माल उचलणारा लियाँचा किंवा म्युनिकचा कारखानदार जंगलापासून एक पायरी दूर राहतो. आयातमूल्याच्या तक्त्यातही अगदी हेच घडते. नवा कायदा, २०२३ चा वननाशविरोधी नियम, लाकूड ज्या जमिनीवर तोडले तिचे अक्षांश-रेखांश मागतो. त्याची अंमलबजावणी एकापेक्षा जास्त वेळा पुढे ढकलली गेली आहे. लहान शेतकऱ्यांवर आणि छोट्या वनमालकांवर पडणाऱ्या भाराची तक्रार रास्त आहे, तरीही ही अट टिकावी असे मला मनापासून वाटते. कारण नोंदीच्या एका टोकाला प्रथमच बंदराऐवजी जमिनीचा तुकडा येईल.

तोवर आहे त्या नोंदींवर काम भागवायचे आहे. पुढील प्रकरणांत प्रत्येक देशाचे आयातमूल्य युरोत, एका ठरावीक वर्षाच्या किमतींत आणि घनमीटरमागच्या दरासह दिले आहे. लगद्याचे लाकूड वेगळे काढले आहे. संघाबाहेरून थेट आलेला माल आणि शेजारी देशाकडून आलेला माल एका बेरजेत टाकलेला नाही. बेल्जियमच्या प्रत्येक तक्त्याशेजारी त्याच जातीच्या लाकडाची तिथून फ्रान्स, नेदरलँड्स आणि जर्मनीला झालेली रवानगी ठेवली आहे, आणि इटलीच्या तक्त्याशेजारी तिची खुर्च्यांची निर्यात. वाचकांनी आधी हे जोडतक्ते पाहावेत, एकूण बेरजेचा तक्ता सर्वांत शेवटी.